उन्हाने भाजल्यावर त्वचेवर उरलेले डाग: काय करावे, काय करू नये

समुद्रात तोंड खाली घालून तरंगणाऱ्या माणसाला आपली पाठ भाजते आहे याचा पत्ताच लागत नाही. एप्रिलच्या अखेरीस मालवणजवळ स्नॉर्केलिंग करताना माझे तसेच झाले. पाणी गार, वारा गार, खाली रंगीत मासे. साडेअकरापासून दीडपर्यंतचे दोन तास कसे गेले ते कळले नाही. पाणी ऊन अडवते अशी आपली समजूत असते, पण पृष्ठभागावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ४० टक्के किरण पाण्यात अर्ध्या मीटरपर्यंत पोहोचतात, आणि माझे खांदे तर पाण्याच्या वरच होते. संध्याकाळी अंगाला सदरा लागू देववेना. तीन आठवड्यांनी आरशात पाहिले तेव्हा मानेमागे काळपट तपकिरी पट्टा, खांद्यांवर सालपटे निघून उघडे पडलेले फिकट गुलाबी चट्टे, लाइफ जॅकेटच्या पट्ट्याखाली मूळ रंगाची रेघ आणि उजव्या मनगटावर ओघळासारखे काळे डाग असे चार रंग एकाच अंगावर नांदत होते. ओघळाची हकीकत पुढे येईल, कारण ती चूक सर्वस्वी माझी होती.

या चार रंगांवर मिळून एकच उपाय नसतो. रापलेली त्वचा, दाहानंतर उरलेला डाग आणि सालपट निघाल्यावर उघडी पडलेली नवी त्वचा ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. पहिल्याला काही न करणे पुरते, दुसऱ्याला महिने लागतात आणि तिसऱ्यावर डाग घालवण्याचे मलम लावले तर नवाच डाग पडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी दाह शमवायचा, मग ऊन अडवायचे, मग डाग कोणता ते ओळखायचे आणि सर्वांत शेवटी, गरज उरलीच तर, रंग फिकट करणाऱ्या औषधाकडे वळायचे. बहुतेक लोक, मीसुद्धा, नेमके शेवटापासून सुरुवात करतात.

पहिले तीन दिवस

उन्हाने भाजल्याची लाली उन्हातून परतल्यावर तीन ते सहा तासांनी दिसू लागते, बारा ते चोवीस तासांत कळसाला पोहोचते आणि साधारण तीन दिवसांत ओसरते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे अनेकांना आपण भाजलो आहोत हेच उमगत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवावा. तळहाताची मागची बाजू लावून पाहिल्यावर ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम लागत असेल, ताणल्यासारखी वाटत असेल आणि कपडा घासला की आग होत असेल, तर दाह चालू आहे. हा दाह जितका जास्त आणि जितके दिवस राहील, तितका नंतरचा डाग गडद होण्याचा संभव अधिक. त्यामुळे डागावरचा पहिला उपचार हा याच तीन दिवसांत करायचा असतो.

त्यासाठी लागते ते साधेच आहे. नळाच्या किंवा माठाच्या गार पाण्यात मऊ पंचा बुडवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे त्या जागेवर ठेवावा आणि दिवसातून चार-पाच वेळा हे करावे. बर्फ थेट लावू नये. आधीच दुखावलेल्या त्वचेला त्याने आणखी इजा होते. अंग टिपून किंचित ओले असतानाच सुगंध नसलेले मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचे जेल लावावे. घरच्या कोरफडीचा गर वापरायचा असेल तर पान कापून ते उभे धरावे आणि त्यातून निथळणारा पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा, कारण तो चीक अनेकांच्या त्वचेला चावतो. खोबरेल तेल, तूप किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर पहिल्या दिवशी नको, त्वचेतली उष्णता त्याखाली कोंडते. पुढच्या टप्प्यावर यांतल्या काहींचा उपयोग आहे. पाणी, ताक, सरबत नेहमीपेक्षा जास्त प्यावे. दुखणे फार असेल तर वेदनाशामक गोळी घेता येते, मात्र मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊ नये.

फोड आले तर ते फोडू नयेत. फोडाचे पातळ आवरण हीच त्या जागेची सर्वांत चांगली मलमपट्टी असते आणि ते फाटून जंतुसंसर्ग झाला की डाग हमखास गडद होतो. मोठ्या भागावर फोड आले असतील, ताप, थंडी, उलट्या, गरगरणे किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले असेल, अथवा भाजलेले मूल वर्षाच्या आतले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

सालपटे निघू लागतात तेव्हा

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास सालपटे सुटू लागतात. अतिनील किरणांमुळे ज्या पेशींचे दुरुस्त न होण्याइतके नुकसान झाले, त्या पेशी शरीर स्वतःहून मारून टाकते आणि त्यांचा थर एकदम निघतो. सुटलेले टोक ओढण्याचा मोह अनावर असतो, हे मला मान्य आहे. परंतु ओढलेले सालपट जिथे सैल झालेले नसते तिथपर्यंत फाटत जाते आणि खालची अपक्व त्वचा उघडी पडते. लोंबणारा भाग लहान कात्रीने कापून टाकावा, बाकीचे आपोआप गळू द्यावे.

या आठवड्यात अंघोळीचे पाणी कोमट असावे, साबण सौम्य असावा आणि घासणी, काथ्या, वजरी, स्क्रब, बेसन-रव्याचे उटणे यांपैकी काहीही त्या जागेला लागू नये. रापलेला रंग म्हणजे वर साचलेला मळ नव्हे; तो पेशींच्या आत असतो. घासल्याने मेलेल्या पेशींचा अगदी वरचा थर जातो, त्वचा तासभर उजळ दिसते, आणि घासण्याने झालेल्या दाहाची भरपाई म्हणून दोन आठवड्यांनी अधिक रंग तयार होऊन येतो. मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा लावावे. आता पेट्रोलियम जेलीचा पातळ थरही चालतो.

आपल्या अंगावर नेमके काय आहे

साधारण तिसऱ्या आठवड्यात, सालपटे पूर्ण गळाल्यावर, एकदा निवांत बसून त्वचेची पाहणी करावी. मी ती सकाळी नऊच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या उत्तरेकडच्या खिडकीजवळ केली आणि त्याच जागी, त्याच वेळी दर महिन्याला फोनवर छायाचित्रे घेतली. रोज आरशात पाहून काहीच बदल दिसत नाही, उलट निराशा येते. महिन्यापूर्वीचे छायाचित्र शेजारी ठेवले की फरक कळतो.

सर्वांत सौम्य प्रकार रापण्याचा. ऊन लागल्यावर रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवतात, आणि त्या पेशी ते आपल्या केंद्रकावर छत्रीसारखे धरतात, जेणेकरून आतल्या डीएनएचे पुढच्या उन्हापासून रक्षण व्हावे. हा रंग उन्हानंतर दोन-तीन दिवसांनी चढू लागतो. जिथे जिथे ऊन लागले तिथे तो सारखा पसरलेला असतो आणि त्याच्या कडा कपड्याच्या, घड्याळाच्या किंवा चपलेच्या पट्ट्याशी तंतोतंत जुळतात. बाह्यत्वचा साधारण चार ते सहा आठवड्यांत नवी होत असते, वय वाढते तसा हा काळही वाढतो. त्यामुळे पुन्हा ऊन लागू दिले नाही तर रापलेला रंग एक-दोन महिन्यांत बराचसा उतरतो. यासाठी कोणतेही औषध लागत नाही.

दुसरा प्रकार दाहानंतरच्या डागाचा. तो सारखा पसरलेला नसतो. जिथे फोड आला होता, जिथे सालपट ओढले होते, जिथे खाजवले होते, तिथे तो गडद असतो आणि त्याच्या कडा कपड्याशी जुळत नाहीत. आपल्या त्वचेत मेलॅनिन मुळातच अधिक असल्याने हा प्रकार आपल्याकडे फार आढळतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते यावरून त्वचेचे प्रकार मांडले; पुढे ते एक ते सहा असे झाले. बहुसंख्य भारतीय त्यांतल्या चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात, आणि जखम असो, मुरूम असो की उन्हाचा चटका, या त्वचेची प्रत्येक इजेला दिलेली प्रतिक्रिया बहुधा तपकिरी असते. डाग तपकिरी असेल तर रंगद्रव्य बाह्यत्वचेत आहे असे समजावे. तो सहा महिने ते वर्षभरात फिकट होतो. राखाडी किंवा निळसर झाक असेल तर रंगद्रव्य खालच्या थरात उतरलेले असते आणि त्याला कधीकधी काही वर्षे लागतात. चेहऱ्यावरचे डाग लवकर जातात, पाठीचे त्यानंतर आणि नडगीवरचे सर्वांत उशिरा.

डागावर अजून दाह आहे का हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. पारदर्शक काचेचा स्वच्छ पेला डागावर हलकेच दाबावा आणि काचेतून पाहावे. दाबाखाली लालसर छटा नाहीशी होऊन फक्त तपकिरी रंग उरला, तर लाली रक्तवाहिन्यांची आहे आणि दाह अजून पुरता गेलेला नाही. अशा वेळी रंग फिकट करणारी औषधे आणखी पुढे ढकलावीत. दाबल्यावर काहीच बदलले नाही तर उरला आहे तो केवळ रंग.

तिसरा प्रकार फिकट चट्ट्यांचा, आणि लोक सर्वांत जास्त घाबरतात ते याला. सालपट निघाल्यावर उघडी पडलेली त्वचा कोवळी, गुलाबीसर आणि शेजारच्या रापलेल्या त्वचेच्या मानाने उजळ दिसते. रापलेला रंग उतरत जातो आणि नव्या त्वचेत रंग येत जातो, तसे दोन्ही काही आठवड्यांत एकमेकांना गाठतात. मात्र प्रत्येक फिकट चट्टा निरुपद्रवीच असतो असे नाही. छाती, पाठ आणि दंडांवर लहान लहान ठिपके असतील आणि नखाने हलके खरवडल्यावर पिठासारखा कोंडा निघत असेल, तर ती शिबं असण्याचा संभव मोठा. ती उन्हाने आलेली नसतात. तिथली त्वचा रापत नाही म्हणून उन्हानंतर ती उठून दिसू लागतात, एवढेच. त्यावर बुरशीनाशक औषध लागते आणि बुरशी मेल्यानंतरही रंग परत यायला महिने जातात. चट्टा खडूसारखा पांढराशुभ्र आणि स्पष्ट कडांचा असेल, किंवा घरात कोणाला कोड असेल, तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, कारण ज्यांच्यात कोडाची प्रवृत्ती असते त्यांना भाजलेल्या जागी नवा डाग येऊ शकतो.

गालांच्या उंचवट्यांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा तपकिरी डाग म्हणजे बहुधा वांग. तो उन्हाने वाढतो, पण केवळ उन्हाने होत नाही. गर्भारपण, संप्रेरकांच्या गोळ्या आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. त्याचे उपचार वेगळे आणि चिवट आहेत, म्हणून त्याला भाजल्याचा डाग समजून वर्ष घालवू नये.

आणखी एक गोष्ट या पाहणीच्या वेळीच ठरवून टाकावी: आपल्याला कोणता रंग परत हवा आहे. पुष्कळ लोक दंडाची आतली बाजू दाखवून ‘माझा मूळ रंग हा’ असे म्हणतात. परंतु चेहरा आणि हात भाजण्यापूर्वीही तसे नव्हते, कारण ते वर्षानुवर्षे उन्हात वावरत आले आहेत. गेल्या हिवाळ्यातले एखादे छायाचित्र काढून तो रंग हे लक्ष्य ठेवावे. त्याहून उजळ होण्याच्या नादात लोक ज्या मलमांपर्यंत पोहोचतात, त्यांविषयी पुढे लिहिले आहे.

ऊन अडवणे

डागांवर खर्च करायला एकाच गोष्टीपुरते पैसे असतील, तर ते औषधावर न घालवता सनस्क्रीनवर घालवावेत. भाजलेल्या त्वचेतल्या रंगपेशी महिनोन्‌महिने चिडलेल्या असतात आणि इतरांना जाणवणारही नाही इतक्या थोड्या उन्हाने पुन्हा रंग तयार करू लागतात. अशा वेळी रात्री महागडे मलम लावून सकाळी उघड्या मानेने दुचाकीवर निघणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे आहे.

अतिनील किरणांपैकी भाजवणारे किरण मुख्यतः यूव्हीबी असतात; रापवणारे, अधिक खोल जाणारे आणि खिडकीच्या साध्या काचेतून आरपार येणारे ते यूव्हीए. सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या क्षमतेचा, आकडा प्रामुख्याने यूव्हीबीविषयी सांगतो: ३० एसपीएफ सुमारे ९७ टक्के आणि ५० एसपीएफ सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते, म्हणून ५० च्या पुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. यूव्हीएसाठी डबीवर ‘पीए’पुढची अधिक चिन्हे पाहावीत, तीन किंवा चार असावीत. सावळ्या त्वचेसाठी तिसरी एक बाब महत्त्वाची आहे, जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा भाग, गडद त्वचेवर टिकाऊ रंग चढवतो, आणि बिनरंगी सनस्क्रीन तो नीट अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेले, त्वचेच्या रंगाचे, टिंटेड सनस्क्रीन तो बऱ्यापैकी अडवते. चेहऱ्यावर डाग असतील तर तेच घ्यावे.

किती लावावे याचे माप असे: तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर प्रत्येकी एक रेघ ओढावी, एवढे चेहरा आणि मान मिळून लागते. या मापाने रोज दोनदा लावल्यास ५० ग्रॅमची ट्यूब तीनेक आठवड्यांत संपते. आपली ट्यूब चार महिने पुरत असेल, तर डबीवर लिहिलेले संरक्षण आपल्याला मिळत नाही असे खुशाल समजावे. बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे आणि उन्हात राहायचे असल्यास दर दोन तासांनी, तसेच पोहल्यावर किंवा घाम पुसल्यावर, पुन्हा लावावे. कानांचे शेंडे, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि पावलांचा वरचा भाग हे चार भाग हमखास विसरले जातात.

दिवसातली सर्वांत वाईट वेळ घड्याळातले बारा ही नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, आणि कोकण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या सुमारास. म्हणजे ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ म्हणून जे लोक पाण्यात उतरतात, ते नेमके माध्यान्ही उतरतात. घड्याळापेक्षा सावली पाहावी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण तीव्र आहेत. मे महिन्यात तर महाराष्ट्रातल्या गावागावांतून शून्य सावलीचा दिवस, म्हणजे माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते तो दिवस, पुढे सरकत जातो, आणि एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नाही. तो ३ झाला तरी काळजी घ्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोंगरावर गार वाटते म्हणून फसू नये, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर हा फरक जाणवण्याइतका असतो, साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तर फारच.

याबाबतीत पुण्या-मुंबईच्या दुचाकीस्वार मुलींचे मला मनापासून कौतुक वाटते. डोळे सोडून सगळे झाकणारा स्कार्फ आणि बोटांपर्यंत येणारा सनकोट यांची कितीही चेष्टा झाली, तरी घट्ट विणीचे कापड दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. पातळ पांढरा सुती टी-शर्ट मात्र भिजला की फारसे संरक्षण देत नाही. पाण्यात जाताना पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, शक्यतो गडद रंगाचा पोहण्याचा सदरा घालावा. मालवणात माझ्या अंगावर तो असता तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

रंग फिकट करणारी औषधे

ही पायरी सहा आठवड्यांच्या आधी सुरू करू नये, आणि रापलेपणासाठी तर करूच नये. दाह संपलेला, तपकिरी, हट्टी डाग उरला असेल तरच पुढचे वाचावे.

सर्वांत सौम्य म्हणजे नायसिनमाइड, २ ते ५ टक्के. ते रंगद्रव्य तयार होणे थांबवत नाही, तर तयार झालेले रंगद्रव्य शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचण्यात अडथळा आणते, आणि जवळपास कोणत्याही त्वचेला चालते. त्याच्यापुढची पायरी अझेलेइक ॲसिडची; ते १० ते २० टक्क्यांच्या जेल किंवा मलमाच्या रूपात मिळते. पहिल्या आठवड्यात ते चुणचुणते. आधी कानामागे किंवा कोपराच्या खोबणीत तीन दिवस लावून पाहावे, मग मसुराच्या डाळीएवढे घेऊन एक दिवसाआड रात्री लावावे आणि चालले तर रोज. गर्भवती स्त्रियांसाठी जे थोडे पर्याय सुरक्षित मानले जातात, त्यांत ते आहे. तरीही डॉक्टरांना विचारून घ्यावे. सकाळी सनस्क्रीनखाली व्हिटॅमिन सी लावल्याने थोडी मदत होते, पण उघडलेली बाटली तपकिरी झाली की त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

रेटिनॉइड गटातली (‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित) औषधे पेशींची उलाढाल वाढवून डाग उतरवतात; परंतु ती सुरुवातीला त्वचा लाल करतात, सालपटे काढतात, आणि आपल्या त्वचेत हीच लाली नवा डाग बनते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अगदी कमी प्रमाणात सुरू करावीत आणि गर्भारपणात किंवा गर्भधारणेच्या तयारीत असताना वापरू नयेत. हायड्रोक्विनोन २ ते ४ टक्के हे प्रभावी औषध आहे, पण ते चिठ्ठीवरच, ठरावीक महिन्यांपुरते आणि मध्ये खंड ठेवून वापरायचे असते. वर्षानुवर्षे लावल्यास त्वचेवर निळसर-काळी छटा येते आणि ती सहजी जात नाही.

एका वेळी एकच औषध सुरू करावे आणि त्याला किमान आठ ते बारा आठवडे द्यावेत. तीन बाटल्या एकदम आणून पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून चौथी आणणारे लोक माझ्या परिचयात आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फरक पडला तो बाटल्यांमुळे आलेल्या लालीचा.

लिंबू, ब्लीच आणि औषधाच्या दुकानातले मलम

आता ओघळाची हकीकत. भाजल्यानंतर दहाव्या दिवशी आईच्या सांगण्यावरून मी हातावर लिंबू पिळले, थोडे चोळले आणि तसेच गच्चीवर कपडे वाळत घालायला निघालो. दोन दिवसांनी मनगटावर रस जिथून ओघळला होता नेमक्या त्या रेषेत लालसर पट्टा उठला, त्यावर बारीक फोड आले आणि आठवड्याभरात त्याची काळी रेघ झाली. आपल्या कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्ये असतात, जी त्वचेवर असताना यूव्हीए पडले की त्वचेला अक्षरशः भाजतात. शिवाय रस तीव्र आम्ल असतो तो वेगळाच. मानेचा पट्टा पावसाळ्यातच उतरला. ही रेघ दिवाळीपर्यंत सोबत होती.

दही, साय, मुलतानी माती यांनी गार वाटते, नुकसान फारसे नाही आणि डागावर परिणामही नाही. हळदीचा पिवळेपणा डाग काही काळ झाकतो, आणि काहींना तिची ॲलर्जी असते. पार्लरमधले ब्लीच मुख्यतः लव सोनेरी करते, त्यामुळे त्वचा उजळल्याचा भास होतो. बऱ्याच डी-टॅन पॅकमध्येही तेच द्रव्य असते. भाजल्यानंतरचे पहिले दोन महिने ब्लीच, वॅक्सिंग आणि चेहऱ्याचे घासून केलेले फेशियल टाळावे.

मोठा धोका याहून वेगळ्या ठिकाणी आहे. औषधाच्या दुकानात डाग दाखवला की पुष्कळदा एक छोटी ट्यूब हातात पडते; तिच्यात हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड यांच्या जोडीला स्टिरॉइड असते. मलाही अशीच ट्यूब मिळाली होती आणि बारीक अक्षरांत ‘मोमेटासोन’ हे स्टिरॉइडचे नाव वाचून मी ती परत केली. अशा मलमाने पहिल्या पंधरवड्यात जादू होते, म्हणूनच लोक ते सोडत नाहीत. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, मुरूम आणि लव वाढते, आणि मलम बंद केले की चेहरा लालभडक होतो. सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये आणून ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही नाव-पत्ता नसलेल्या डब्यांतली उजळपणाची क्रीम हातोहात विकली जातात, आणि त्यांच्यात तर पारा असू शकतो. भारतीय नियमांनुसार क्रीममध्ये नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी आहे. अकोल्यातील एका कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाल्याचे २०२३ मध्ये उघडकीस आले होते. डबीवर घटक, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल तर ती चेहऱ्याला लावू नये.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना

तीन महिने ऊन नीट अडवूनही डाग तसाच असेल, त्याला निळसर-राखाडी झाक असेल, तो वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा तो बराच काळ भरत नसेल, अथवा थोड्याशा उन्हानेही त्वचा वारंवार भाजत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. वारंवार भाजण्यामागे एखादे औषध असू शकते: मुरुमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबावरचे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि काही वेदनाशामके त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांच्या कानावर घालावीत.

डॉक्टर बहुधा वूड्स लॅम्प नावाच्या जांभळ्या दिव्याखाली डाग पाहतील. रंगद्रव्य वरच्या थरात आहे की खाली याचा अंदाज त्यातून येतो. केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा लेझर सुचवले, तर आपल्यासारख्या त्वचेवर त्याचा त्यांचा किती अनुभव आहे आणि डाग गडद होण्याची शक्यता किती, हे विचारायला संकोचू नये. लेझरने सावळ्या त्वचेवर डाग वाढल्याची उदाहरणे कमी नाहीत. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात आणि चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवावी. दर महिन्याला घेतलेली छायाचित्रे फोनवर एका जागी लावून ठेवावीत, आणि त्या दिवशी चेहऱ्याला सनस्क्रीन किंवा पावडर न लावता, स्कार्फ बांधून जावे.